‘दुष्परिणाम नाहीत’ हा आयुर्वेदाचा गौरव नव्हे!

ठाणे-डोंबिवलीपासून नाशिक-नागपूरपर्यंत कोणत्याही मध्यमवर्गीय घरात रात्री दहाच्या सुमारास डोकावून पाहा. देवघराशेजारच्या फळीवर किंवा दूरदर्शन संचाखालच्या खणात अश्वगंधेची एक बाटली हमखास आढळेल. बाटलीवर हिरवे पान असते, ध्यानस्थ ऋषींचे चित्र असते, ‘शांत झोप, तणावमुक्ती’ असे आश्वासन असते आणि त्याखाली ठळक अक्षरांत ते परवलीचे वाक्य असते : ‘पूर्णतः नैसर्गिक; कोणतेही दुष्परिणाम नाहीत.’

ही बाटली घरात कोणा एकाची नसते. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या घेणारे आजोबा त्यातील एक कॅप्सूल घेतात, कारण त्यांना पहाटे तीनला जाग येते. रात्रपाळी करून आलेला मुलगा दोन घेतो, कारण त्याला दिवसा झोपायचे असते. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या सूनबाई घेतात, कारण मैत्रिणीला गुण आला. बारावीच्या परीक्षेचा धसका घेतलेल्या नातीलाही एक दिली जाते. वैद्याला कोणीच विचारलेले नसते. ‘आपले आयुर्वेदिकच आहे, त्याने काय होणार?’ या एका वाक्याने चौघांचेही समाधान झालेले असते.

प्रस्तुत लेखाचा रोख याच वाक्यावर आहे. ते वाक्य उच्चारणाऱ्याला आपण आयुर्वेदाची पाठराखण करीत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात तो आयुर्वेदाचा अवमान करीत असतो. जे द्रव्य शरीरावर काही परिणाम करते, ते चुकीच्या हाती चुकीचा परिणामही करणारच. ज्याचा कधी, कोणावर, काहीच वाईट परिणाम होऊ शकत नाही, त्याचा चांगला परिणाम तरी कसा व्हावा? ‘दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य साखरेच्या पाण्याला शोभते, अश्वगंधेला नव्हे.

चरकाचार्यांचे म्हणणे काय?

निद्रेचा विचार आयुर्वेदाने जितक्या गांभीर्याने केला, तितका प्राचीन जगात क्वचितच कोणी केला असेल. शरीर तोलून धरणारे तीन उपस्तंभ चरकसंहिता सांगते, त्यांत आहाराच्या खालोखाल निद्रेला स्थान आहे. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बळ आणि दौर्बल्य, ज्ञान आणि अज्ञान, इतकेच काय, जीवन आणि मरण हीदेखील निद्रेच्या अधीन आहेत, असा या ग्रंथाचा निर्वाळा आहे. मन थकले, इंद्रिये थकून आपापल्या विषयांपासून परतली की माणूस झोपतो, ही निद्रेची व्याख्या आजही मनाला पटावी अशी आहे.

आणि झोप का जाते? सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात त्याची पाच कारणे दिली आहेत : कार्य, काळ, विकार, प्रकृती आणि वायू. कामाचा ताण आहे का, वय झाले आहे का, अन्य एखादा आजार आहे का, मुळात प्रकृतीच अल्पनिद्र आहे का, की वात वाढला आहे? वैद्याने आधी हे ओळखायचे आणि मग उपाय करायचा. आता वर उल्लेखिलेले कुटुंब आठवा. आजोबांचे कारण वय आणि आजार, मुलाचे कारण काम, सुनेचे कारण कदाचित विकार, नातीचे कारण मनाची धास्ती. चौघांची चार कारणे आणि बाटली मात्र एकच! पाचांपैकी एकही प्रश्न न विचारता दिलेल्या द्रव्याला ‘आयुर्वेदिक उपचार’ म्हणण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. गेलेली झोप परत आणण्याचे उपाय त्याच अध्यायात सांगितले आहेत. अंगाला तेल लावणे, उटणे, स्नान. शालीचा भात, दही, दूध, स्निग्ध पदार्थ, मांसरस. अंग चेपून घेणे, डोळ्यांचे तर्पण, डोक्याला व मुखाला लेप. मनाला सुख देणारे गंध आणि स्वर. सुखकर शय्या, सुखकर घर आणि योग्य वेळ. मद्याचाही उल्लेख आहे, तो लपविण्याचे कारण नाही. अन्यत्र, झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीचे दूध श्रेष्ठ असेही म्हटले आहे. निद्रानाशावरील या यादीत अश्वगंधेचे नाव नाही. तिची गणना चरकाचार्यांनी केली ती बल्य आणि बृंहणीय, म्हणजे बळ देणाऱ्या व शरीर भरून आणणाऱ्या, द्रव्यगणांत. पुढील काळातील वैद्यांनी क्षीण, वातपीडित, खचलेल्या रुग्णाच्या झोपेसाठी तिचा उपयोग केला आणि तो योग्यच होता. परंतु मूळ उपदेशाचा भर दिनक्रमावर, आहारावर, स्पर्शावर आणि मनाच्या स्वास्थ्यावर आहे.

गंमत पाहा. अमेरिकेतील वैद्यांच्या एका मोठ्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात पहिला उपाय म्हणून गोळी सांगितलेली नाही. झोपेच्या सवयी, झोपेची वेळ, अंथरुणाविषयीची मनोवृत्ती आणि चिंतेचे विचार बदलण्याची एक पद्धतशीर मानसोपचार-प्रक्रिया पहिली सांगितली आहे. जे पाश्चात्त्य वैद्यक वर्षानुवर्षे गोळ्या देऊन येथवर पोहोचले, ते आता ‘आधी जीवनक्रम सुधारा’ असे म्हणू लागले आहे. आणि ज्यांच्या पूर्वजांनी हेच प्राचीन काळी सांगून ठेवले, ते आपण मात्र कॅप्सूल शोधत औषधांच्या दुकानात रांगेत उभे आहोत. ही आत्मविस्मृती नव्हे तर दुसरे काय?

मुळी, पान आणि अर्क

अश्वगंधा ही खरोखरच मोठी वनस्पती आहे. मराठीत तिला आस्कंद म्हणतात, कोठे ढोरगुंजही म्हणतात. राजस्थानातील नागौरवरून ‘नागोरी’ हे नाव बाजारात प्रतिष्ठा पावले. आज मध्यप्रदेशातील नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात तिची मोठी शेती होते आणि नीमचच्या बाजारात तिच्या वाळल्या मुळ्यांचे ढीग लागतात. स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्यात ‘सोम्निफेरा’ हा शब्द घातला. त्याचा अर्थ निद्रा आणणारी. म्हणजे तिचा हा गुण युरोपलाही अज्ञात नव्हता.

आधुनिक कसोट्यांवरही ती अगदीच नापास झालेली नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात पाच चाचण्यांतील ४०० व्यक्तींचा विचार केला गेला. अश्वगंधेच्या अर्काने झोपेत अल्प, परंतु दखल घेण्याजोगी सुधारणा दिसली. ज्यांना निद्रानाशाचा विकार होता, ज्यांनी दिवसाला ६०० मिलिग्रॅम वा अधिक अर्क घेतला आणि जे आठ आठवडे वा अधिक काळ घेत राहिले, त्यांच्यात ती अधिक होती. हे प्रामाणिकपणे वाचले तर दोन गोष्टी निघतात. एक, आपल्या वैद्यांचे निरीक्षण निराधार नव्हते. दोन, हा लाभ माफक आहे, सावकाश होणारा आहे आणि थोड्याच माणसांवर, थोडेच आठवडे तपासलेला आहे. ‘आज घ्या, आज झोपा’ असे म्हणणारा जाहिरातदार यांतील कोणतीच गोष्ट सांगत नाही.

तो आणखीही काही सांगत नाही. औषधीसंहितेत अश्वगंधा म्हणजे मूळ. मात्रा म्हणजे तीन ते सहा ग्रॅम चूर्ण, सामान्यतः दुधाबरोबर. बाजारातील कॅप्सूलमध्ये पुष्कळदा असतो तो अर्क, ज्यात मुळीतील काही घटक अनेक पटींनी एकवटलेले असतात. आजीच्या काळचे चमचाभर चूर्ण आणि आजचा हा अर्क यांना एकच समजणे म्हणजे उसाचा रस आणि साखरेचे पोते एकच समजण्यासारखे आहे. शिवाय मुळीपेक्षा पान स्वस्त पडते. परंपरेने पोटात घेण्यासाठी स्वीकारले ते मूळ. पानांतील घटकांचे प्रमाण निराळे. म्हणूनच आयुष मंत्रालयाला २०२१ मध्ये उत्पादकांना पाने वापरू नका अशी समज द्यावी लागली. परंपरेच्या नावाने विकणाऱ्यालाच परंपरा सोडू नको असे शासनाला सांगावे लागते, यातच सर्व आले.

आणि दुष्परिणाम? आइसलँड व अमेरिकेतील पाच रुग्णांची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली : अश्वगंधेची उत्पादने घेतल्यानंतर कावीळ, अंगाला खाज, यकृताला इजा. औषध थांबविल्यावर ते बरे झाले. २०२३ मध्ये भारतातील रुग्णांची अशीच नोंद पुढे आली. त्यांत ज्यांना आधीपासून जुनाट यकृतविकार होता, अशांपैकी काही दगावले. असे प्रसंग विरळा आहेत, हे खरे. लाखो लोक अश्वगंधा घेतात आणि त्यांना काही होत नाही, हेही खरे. परंतु विरळा म्हणजे शून्य नव्हे; आणि ज्याच्या घरात तो प्रसंग येतो, त्याच्यासाठी तो विरळा राहत नाही. याखेरीज थायरॉईडच्या संप्रेरकांवर तिचा परिणाम होऊ शकतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि झोपेच्या गोळ्यांचा परिणाम ती वाढवू शकते. गर्भवतीने ती टाळावी, असा सावधगिरीचा सल्ला आज दिला जातो. पुन्हा एकदा त्या घराकडे पाहा. आजोबांच्या आणि सूनबाईंच्या हाती ती बाटली निश्चिंतपणे द्यावी का?

सर्पगंधेची कहाणी

ज्यांना वाटते की हे सारे पाश्चात्त्यांचे कारस्थान आहे, त्यांनी आपल्याच दुसऱ्या एका वनस्पतीची कहाणी मुळातून समजून घ्यावी.

सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उन्मादासाठी, झोपेसाठी, सर्पदंशासाठी वापरली जात होती. तिच्या शास्त्रीय नावात लिओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याचे नाव आहे. तो पूर्वेकडे बगदादपर्यंत आला, हिंदुस्थानात कधीच पोहोचला नाही! ज्यांनी ती ओळखली, त्यांचे नाव नाही. ज्याने तिची भूमी पाहिली नाही, त्याचे नाव आहे. हा राग रास्त आहे. पण तेथेच थांबलो तर कहाणीचा बोध हातून निसटेल.

१९३१ मध्ये कोलकात्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी उच्च रक्तदाब व मनोविकार यांवर सर्पगंधेचा उपयोग सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळीतून अनेक अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ असे नाव दिले. कोलकात्यात कर्नल रामनाथ चोप्रा यांनी तिचे गुणधर्म प्रयोगशाळेत तपासले. आणि मग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपले अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. त्यानंतर सारे जग या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातील रिसर्पिन वेगळे काढले आणि बाजारात आणले. १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील तिच्या उपयोगाचे निष्कर्ष दिले. मेंदूतील रसायने आणि मनाची अवस्था यांचा संबंध शोधणारे जे शास्त्र पुढे विकसित झाले, त्याच्या पायाभरणीत या भारतीय मुळीचा वाटा आहे. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आज मुंबईतल्या किती शाळकरी मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

या कहाणीचा दुसरा अर्धा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. त्याच दशकात असेही दिसून आले की, रिसर्पिन घेणाऱ्या काहींना खोल खिन्नता येते, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. रक्तदाब अति उतरतो, नाक चोंदते, पोटातील व्रण बळावतो. मात्रा कमी केल्या गेल्या, निषेध नोंदविले गेले, आणि पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर तिचा उपयोग मागे पडला. म्हणजे जी मुळी उन्माद शमविते, तीच नको त्या माणसाला निराशेच्या गर्तेत लोटू शकते. हे कळले कसे? कोणीतरी गुणांबरोबर दोषही मोजले म्हणून. सर्पगंधेला जगात मान मिळाला तो ती ‘निरुपद्रवी’ होती म्हणून नव्हे. ती प्रभावी होती आणि तिचा प्रभाव दोन्ही अंगांनी मोजला गेला म्हणून.

आणि तिसरा भाग अधिक लाजिरवाणा आहे. मुळीसाठी रोप समूळ उपटावे लागते. मागणी वाढली तशी जंगले ओरबाडली गेली. १९६९ मध्ये तिच्या मुळीच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली आणि १९९० मध्ये तिला संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत घालावे लागले. झोपेसाठीच नावाजलेली हिमालयातील जटामांसी १९९७ मध्ये त्याच यादीत गेली. ज्या वनस्पतीला आपण माता म्हणतो, तिला मुळासकट उपटून विकणारे हात परदेशी नव्हते.

‘मग त्यांच्या गोळ्यांचे काय?’

येथे एक आक्षेप हमखास येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. ‘ॲलोपॅथीच्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, स्मरण मंदावते, म्हातारी माणसे रात्री उठताना पडतात. त्यावर लिहीत नाही आणि आपल्याच अश्वगंधेवर का घसरता?’

या गोळ्यांचे दोष खरेच आहेत आणि ते गंभीर आहेत. परंतु ते आपणास कोठून कळले? त्या गोळीच्या पाकिटातील बारीक अक्षरांतील कागदावरून, डॉक्टरांच्या नोंदींवरून, नियमांवरून. २०१४ पासून डायझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम अशी औषधे आपल्याकडे ‘एच-१’ या परिशिष्टाखाली आहेत. चिठ्ठीविना विकू नयेत, विक्रीची नोंद वेगळ्या वहीत तीन वर्षे ठेवावी, असा नियम आहे. तो मोडला जातो, हे नाकारता येत नाही. पण नियम आहे; दोष मान्य केलेला आहे. आपल्या बाटलीवर मात्र दोष मान्य करणे हाच अपराध समजला जातो. प्रतिपक्षाच्या दोषांची यादी प्रतिपक्षानेच केलेली आहे. आपली यादी आपण कधी करणार?

नाही केली तर काय होते, हे डेन्मार्कने दाखविले. तेथील एका तंत्रविद्यापीठाने २०२० मध्ये अश्वगंधेविषयी अहवाल दिला आणि त्याच्या आधारे २०२३ मध्ये त्या देशाने अश्वगंधायुक्त पूरक उत्पादनांवर बंदी घातली. त्या अहवालात मूळ आणि अन्य भाग यांत पुरेसा भेद केला नाही, असा आक्षेप आपल्याकडून घेतला गेला. तो आक्षेप रास्त असेलही. पण मूळ व पान यांची सरमिसळ प्रथम कोणी केली? आपल्याच देशातील उत्पादकांनी. त्याही आधी, २००४ मध्ये, अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून आणलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले होते. तेव्हाही आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया संतापाची होती. आधी तपासणी आपण केली असती, तर संतापण्याची वेळच आली नसती.

हळदीच्या लढ्याची आठवण येथे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपण काय केले? नुसत्या घोषणा दिल्या असत्या तर ते पेटंट आजही राहिले असते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ, निबंध, नोंदी असा लेखी पुरावा सादर केला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्यातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आपण ती लढाई जिंकलो ती कागदावर, पुराव्यावर, शिस्तीवर. स्वाभिमानाला पुराव्याची जोड मिळाली की तो विजयी होतो. ती नसेल तर तो केवळ बाटलीवरचे चित्र बनतो.

दोष आपलाही

अश्वगंधेची ही विटंबना केवळ व्यापाऱ्याने केलेली नाही. तो विकतो, कारण आपण विकत घेतो. आपणास दिनचर्या नको, दिनचर्येचा अर्क हवा. रात्री बारापर्यंत भ्रमणध्वनीचा उजेड डोळ्यांवर घ्यायचा, साडेदहाला जेवायचे, त्यावर चहा घ्यायचा, सकाळी उन्हाचे तोंड पाहायचे नाही, आणि मग ऋषींचे चित्र असलेली कॅप्सूल गिळून परंपरा पाळल्याचे समाधान मिळवायचे! गोळी गिळून मोकळे होण्याची ही वृत्ती नेमकी तीच आहे, जिच्याबद्दल आपण पाश्चात्त्य जीवनशैलीला दोष देतो. बाटली स्वदेशी झाली म्हणून वृत्ती स्वदेशी होत नाही.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की, नीट जाणून योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि चुकीचे योजलेले औषधही तीक्ष्ण विष होते. न जाणता घेतलेल्या औषधाची तुलना तेथे शस्त्राशी, अग्नीशी, वज्राशी केली आहे. ज्या शास्त्राच्या आरंभीच इतकी प्रखर सावधगिरी आहे, त्याच्या नावाने ‘कितीही घ्या, काही होत नाही’ असे सांगणारा माणूस त्या शास्त्राचा प्रतिनिधी असूच शकत नाही.

मग करायचे काय?

पहिली अपेक्षा उत्पादकांकडून. बाटलीवर वनस्पतीचे नाव, कोणता भाग, चूर्ण की अर्क, मात्रा किती, किती दिवस, कोणी घेऊ नये, कोणत्या औषधांबरोबर घेऊ नये, हे वाचता येईल अशा मराठीत छापावे. ‘दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य स्वतःहून पुसावे. ज्याचा माल चोख आहे, त्याला याने तोटा होणार नाही. ज्याला तोटा होईल, त्याचा माल आपल्याला नकोच आहे.

दुसरी अपेक्षा वैद्यांकडून. आयुष औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी घेणारी राष्ट्रीय यंत्रणा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. त्या यंत्रणेकडे आपल्या वैद्यांनी निःसंकोचपणे नोंदी पाठवाव्यात. आपल्या रुग्णाला अश्वगंधेने कावीळ झाली असे कळविणारा वैद्य आयुर्वेदाचा द्रोही नव्हे. गणनाथ सेनांचा खरा वारसदार आहे.

तिसरी आणि सर्वांत मोठी अपेक्षा आपल्या घरांकडून. झोप येत नसेल तर प्रथम वेळ ठरवा. रोज एकाच वेळी अंथरूण आणि एकाच वेळी जाग. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके असू द्या. दुपारनंतर चहा-कॉफी नको. झोपण्यापूर्वी तासभर पडद्याचा उजेड बंद. आपल्याकडे काश्याच्या वाटीने तळपायांना तेल वा तूप चोळण्याची रीत होती. ती वाटी अजून माळ्यावर असेल, ती खाली काढा. नातवाने आजोबांच्या पायांना दहा मिनिटे तेल चोळले तर दोघांनाही झोप लागेल, आणि या उपायात संवाद हा चरकाचार्यांनी सांगितलेल्या ‘मनःसुखा’चा अंश आपोआप मिसळेल. दुधात जायफळ घालायचे तर चिमूटभरच. तेही अति झाले की छातीत धडधडते, भ्रम होतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, म्हणून तर त्या सहाणेवर मोजके वेढे देत.

आणि एवढे करूनही तीन-चार आठवड्यांत झोप परतली नाही, तर बाटलीकडे नव्हे, वैद्याकडे वा डॉक्टरांकडे जा. जोरात घोरून मध्येच श्वास अडकणारा माणूस अश्वगंधेने बरा होत नाही. रोज पहाटे जाग येऊन ज्याला जगणे नकोसे वाटते, त्याला कॅप्सूल नव्हे, माणसाची सोबत आणि मनोविकारतज्ज्ञ हवा. झोप न येणे हा पुष्कळदा रोग नसतो, रोगाने पाठविलेला निरोप असतो. निरोप्याला गुंगी देऊन झोपविले तरी निरोप खोटा ठरत नाही. वैद्याने पाहून, प्रकृती ओळखून, इतर औषधे विचारून अश्वगंधा दिली, तर ती अवश्य घ्या, श्रद्धेने घ्या आणि सांगितल्या मात्रेत घ्या. रोजच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. आणि डॉक्टरांपासून अश्वगंधा व वैद्यांपासून त्या गोळ्या लपवू नका. घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी ती थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आयुर्वेद हे शास्त्र आहे, असे आपण जगाला सांगतो. शास्त्राला प्रश्न विचारता येतात, मात्रा असते, निषेध असतात, चुका नोंदविल्या जातात आणि त्या सुधारल्या जातात. हे सारे काढून टाकले की उरतो तो फक्त ऋषींचा फोटो. आज रात्री फळीवरची ती बाटली हातात घ्या. तिच्यावर मुळी की पान, किती मात्रा, कोणाला वर्ज्य, हे लिहिले आहे का ते वाचा. लिहिले नसेल तर ती दुकानदाराला परत करा आणि का परत करीत आहोत ते त्याला ठणकावून सांगा. आयुर्वेदाच्या रक्षणासाठी सामान्य माणसाला आज करता येण्यासारखे याहून मोठे काम दुसरे नाही.